वडिलोपार्जित शेतजमीन विकताना पर्यावरण आणि वनविषयक नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातली घरची शेती विकायला काढली की वारसनोंद, बहिणींची हक्कसोड, तुकडेबंदी, कूळकायदा यांची चौकशी आपण करतोच. वन, खाडी, पूररेषा, झाडे, मुरूम हे विषय मात्र सहसा इसार झाल्यावर निघतात. तेही खरेदीदाराचा वकील काढतो, आणि मग भाव पाडून मागितला जातो. ही प्रश्नोत्तरे इसार घेण्याआधी वाचायची आहेत.

पर्यावरणाच्या नियमांमुळे जमीन विकताच येत नाही, असं होतं का?

फार थोड्या प्रकरणांत. बहुतेक नियम विक्रीला हात लावत नाहीत, जमिनीचा वापर अडवतात. कांदळवनाशेजारची, पूररेषेतली किंवा संवेदनशील क्षेत्रातली जमीन विकता येते. पण घेणाऱ्याला तिथे बंगला बांधायचा असेल तर तो बांधता येणार नाही, आणि भाव ठरतो तो यावरच.

विक्रीच अडते अशी प्रकरणे मोजकी आहेत: १९७५ च्या कायद्याने शासनाकडे गेलेले खाजगी वन, वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन, वन खात्याने लागवडीसाठी दिलेले दळी किंवा एकसाली प्लॉट आणि अभयारण्याच्या अधिसूचनेत आलेली जमीन. आधी या चारांतून आपण सुटतो का ते बघा. सुटत असाल तर पुढचा सगळा प्रश्न किमतीचा आणि कागद नीट लिहिण्याचा आहे.

तपासणी कुठून सुरू करायची?

आजचा डिजिटल सहीचा सातबारा काढा, पण त्यावर थांबू नका. त्यात दिसते ती आजची स्थिती. अडचण असते ती जुन्या फेरफारात. सातबाऱ्यावर कंसात दिलेल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल तलाठी किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून घ्या. १९७० ते १९८० या काळातले हस्तलिखित सातबारे तर काढाच, विशेषतः नमुना बारा, म्हणजे पीकपाहणीचा भाग.

सोबत गटाचा नकाशा, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत (मोजलेल्या हद्दी दाखवणारा नकाशा) आणि नगररचना विभागाचा झोन दाखला घ्या. मोजणी जुनी असेल तर नवी करून घेतलेली बरी. वनहद्द, नदीकाठ आणि खाडीकाठ इथे दहा-पंधरा मीटरचा फरकही महागात पडतो.

'इतर हक्क' या रकान्यात 'राखीव वन', 'खाजगी वन', 'कलम ३५', 'वन विभाग', 'अभयारण्य', 'पुनर्वसनासाठी राखीव', 'गौणखनिज बोजा' यांपैकी एखादा शब्द सापडला, तर पुढची बोलणी थांबवून आधी तो फेरफार वाचा.

सातबाऱ्यावर 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५(३)' असा शेरा आहे. आजोबांपासून आम्हीच भात लावतोय. आता काय?

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात हा प्रश्न सर्वांत जास्त सतावतो, म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ प्रमाणे ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी राज्यातली सगळी खाजगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी शासनाची झाली. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) खाली नोटीस निघालेली जमीनही 'खाजगी वन' या व्याख्येत येते. त्यातल्या बऱ्याच नोटिसा १९५० ते १९७० च्या दशकांतल्या आहेत. कित्येक मालकांना त्या मिळाल्या नाहीत, जमीन त्यांच्याच कब्जात राहिली आणि अनेक वर्षांनी एका फेरफाराने सातबाऱ्यावर शेरा उमटला.

तुमच्या बाजूने उभे राहू शकतील असे तीन मुद्दे आहेत.

पहिला नोटिशीचा. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात स्पष्ट केले की नोटीस नुसती निघाली किंवा राजपत्रात छापली गेली एवढ्याने जमीन खाजगी वन ठरत नाही. ती मालकाला बजावलेली हवी आणि पुढची कार्यवाही जिवंत हवी. म्हणून वन विभागाकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: नोटिशीची प्रत, ती बजावल्याची पोच आणि तिच्यानंतर निघालेली अंतिम अधिसूचना. पोच नसल्याचे उत्तर लेखी मिळाले तर ते जपून ठेवा. त्याचा उपयोग पुढे होतो.

दुसरा लागवडीचा. ३० ऑगस्ट १९७५ ला जमीन कायदेशीर ताब्यात आणि लागवडीखाली असेल, आणि कमाल जमीन धारणेच्या मर्यादेत असेल, तर कलम ३(२) तिला वगळते. पुरावा म्हणजे १९७४-७५ आणि १९७५-७६ चे नमुना बारा. 'भात', 'नागली', 'वरई' अशी पीकनोंद असेल तर ती वजनदार आहे. 'गवत' किंवा 'पोटखराब' लिहिलेले असेल तर लढाई अवघड होते.

तिसरा परत मिळवण्याचा. कलम २२-अ खाली, ३० ऑगस्ट १९७५ च्या आदल्या दिवशी ज्याची एकूण धारणा १२ हेक्टरपर्यंत होती त्याला निहित झालेले वन परत देण्याची तरतूद आहे.

जमीन वन आहे की नाही, निहित झाली की नाही, हे कलम ६ खाली जिल्हाधिकारी ठरवतात. असा निकाल हातात येईपर्यंत इसार घेऊ नका. 'शेरा नुसता कागदोपत्री आहे, आपण काढून देऊ' असे म्हणणारे मध्यस्थ प्रत्येक तालुक्यात भेटतात. नुसत्या फेरफाराने पुसलेला शेरा पुन्हा उगवतो, आणि तोवर पैसे वाटले गेलेले असतात.

वनहक्काचा दावा मंजूर झालेली जमीन विकता येते का?

नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(४) म्हणते की हा हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. नोटरीवर केलेले 'कब्जेपत्र' किंवा 'ताबेखत' काही कामाचे नाही. दळी जमिनीचेही तेच: कसण्याची परवानगी तुमची, मालकी वनाची.

जमीन अभयारण्यात किंवा त्याच्या शेजारी आहे. फरक काय पडतो?

आत आणि शेजारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम १८ ची अधिसूचना निघाली की कलम २० प्रमाणे त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसा किंवा मृत्युपत्राखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे मुलांच्या नावे जमीन होते, तिऱ्हाईताच्या होत नाही. सोलापूर-नगर पट्ट्यातल्या माळढोक अभयारण्याने हे दाखवून दिले. एकेकाळी त्याची हद्द सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होती आणि तिच्यात गावेच्या गावे अडकली होती. नंतर ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणली गेली. अशा भागात एकच काम करायचे: गट नंबर आजच्या अधिसूचनेत आहे की वगळला आहे, याचे लेखी उत्तर उपवनसंरक्षक, वन्यजीव यांच्याकडून घ्यायचे. हद्दीतून सुटूनही सातबाऱ्यावर जुना शेरा राहिला असेल तर तेच पत्र लावून तो कमी करून घ्यायचा.

अभयारण्याभोवतीचे 'इको सेन्सिटिव्ह झोन' वेगळे. तिथे विक्रीला बंदी नाही. खाण, दगडखाण, प्रदूषण करणारे कारखाने, हॉटेल, मोठे बांधकाम यांवर बंधन येते. हा पट्टा सगळीकडे सारखा रुंद नसतो. त्यामुळे 'एक किलोमीटरच्या बाहेर आहे ना, मग झालं' हा हिशेब धरू नका, त्या अभयारण्याची स्वतंत्र अधिसूचना बघा.

आमचं गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे म्हणतात. विक्री थांबेल?

थांबणार नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. पहिला मसुदा मार्च २०१४ चा, नंतर तो पुन्हा पुन्हा काढला गेला आणि ३१ जुलै २०२४ चा सहावा आहे. त्यात खाणकाम, दगडखाण, वाळूउपसा, औष्णिक वीज, 'लाल' वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्यावरचे बांधकाम यांवर बंदी आहे. शेती, घरदुरुस्ती, खरेदीखत यांना नाही.

मात्र मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांत गल्लत नको. डहाणू तालुका १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान परिसर २००३ मध्ये अंतिम अधिसूचनेने संवेदनशील झाला. तिथली बंधने आज लागू आहेत. त्या गावांत अकृषिक परवानगीची आशा दाखवून भाव मागणे म्हणजे उद्याच्या दाव्याला आमंत्रण.

विकण्याआधी बांधावरची सागवानं तोडून घ्यावीत का?

परवानगी मिळत असेल आणि घाई नसेल तर घ्यावीत. इसार झाल्यावर घाईने तोडू नका.

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, बिवळा आणि कांदळ ही झाडे आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज बहुतेक ठिकाणी वनपरिक्षेत्र कार्यालयातून पुढे जातो. सोबत सातबारा, नकाशा, झाडांची जातवार यादी आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजलेला प्रत्येकाचा घेर जोडावा. बांधावरची झाडे असतील तर मोजणीची 'क' प्रतही द्यावी. अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झाड कुणाच्या हद्दीत हे न ठरणं. तोड झाल्यावर मालावर हातोड्याची निशाणी होते आणि वाहतूक पास मिळतो. पासशिवाय ट्रक निघाला तर लाकूड आणि गाडी दोन्ही अडकतात.

जमीन नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रासाठीचा वृक्ष कायदा लागतो. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरची झाडे 'हेरिटेज' ठरतात. घरासमोरचा जुना वड किंवा आंबा बहुधा त्यातच येतो.

आता न तोडता विकायचे ठरले तर: खरेदीखतात वेगळे लिहिले नसेल तर जमिनीसोबत झाडेही जातात. झाडांचा हक्क राखायचा असेल तर जात, संख्या, घेर आणि किती महिन्यांत उचलणार हे लिहा. आणि भावकीत झाडे वाटून घेतलेली असतात हे विसरू नका. जमीन धाकट्याची, आंब्याची दोन झाडे थोरल्याची, अशी नोंद 'इतर हक्कात' निघते आणि ऐन दस्ताच्या दिवशी थोरले काका सहीला अडतात. त्यांची संमती आधीच घ्या.

विक्रेता अनुसूचित जमातीचा असेल तर त्याच्या झाडांच्या विक्रीला स्वतंत्र कायदा आहे आणि जमिनीला महसूल अधिनियमाचे कलम ३६ व ३६-अ. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

खाडीकाठच्या खारशेतीत आता कांदळवन उगवलंय. जमीन आमचीच ना?

जमीन तुमचीच, पण तिचा वापर तुमच्या हातात फारसा उरलेला नाही.

हे घडते कसे ते बघा. खारभूमीचा बांध फुटतो, दुरुस्ती लांबते, उधाणाचे पाणी आत-बाहेर करू लागते. भाताची खाचरे दोन-तीन पावसाळ्यांत नापीक होतात आणि तिवराची रोपे धरतात. काही वर्षांनी उपग्रह नकाशावर तो गट हिरवा दिसतो आणि कांदळवन म्हणून नोंदला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली. जमीन सरकारी की खाजगी याने त्यात फरक पडत नाही, आणि कडेने ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो.

हा ५० मीटरचा पट्टा किती जमीन खातो याचा हिशेब मालक करत नाहीत. समजा शेताची १२० मीटर लांबी कांदळवनाला लागून आहे. १२० गुणिले ५० म्हणजे ६,००० चौरस मीटर, जवळपास ५९ गुंठे. दीड एकरात एक गुंठा कमी. अडीच एकराच्या गटात बांधकामायोग्य एक एकरच उरते, आणि सावध खरेदीदार त्या एका एकराचेच पैसे देतो.

बांध फुटलेला असेल तर खारभूमी विकास कार्यालयाकडे दुरुस्तीची लेखी मागणी केल्याची जुनी पोच शोधा. शेत पडीक टाकले नव्हते, नैसर्गिक आपत्तीने गेले, एवढे तरी त्यातून दिसते. आणि विक्रीआधी 'साफसफाई'च्या नावाने तिवरे तोडायचा मोह कुणी घालत असेल तर ऐकू नका. गुन्हा तोडणाऱ्यासोबत सातबाऱ्यावर नाव असलेल्यावरही येऊ शकतो.

सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) फार्महाऊससाठी जागा म्हणून जाहिरात करू का?

आधी मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट उतरवून घ्या. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग होतात. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेला भाग ३-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून विरळ वस्ती ३-ब, तिथे २०० मीटर. कोकणातली बरीच गावे दुसऱ्या प्रकारात बसतात. भरतीरेषा डोळ्याने ठरत नाही. नकाशा करून देणाऱ्या अधिकृत संस्थांकडून मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्यावा लागतो. खर्च कोण करणार हे बोलणीतच ठरवा.

नदीकाठची जमीन. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र: शेती, बाग, मैदान चालते, इमारत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र: जोत्याची उंची वगैरे अटींवर बांधकाम होऊ शकते.

पूररेषा नकाशावर रेघ म्हणून असते, पण खरी असते ती पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली. कार्यकारी अभियंत्यांकडून तुमच्या गावापाशी असलेली निळ्या आणि लाल रेषेची पातळी मागा आणि सर्व्हेअरकडून शेताच्या पातळ्या घ्या. उताराच्या शेतात एक मीटर पातळीने रेषा कितीतरी आत-बाहेर सरकते. 'आमच्याकडे २०१९ लाही पाणी आलं नव्हतं' हे खरे असले तरी रेषेला त्याने फरक पडत नाही. काही गावांत पूररेषा आखलेलीच नसते. तेव्हा तसे पत्र घ्या आणि साठेखताला जोडा.

नदीपासून अमुक किलोमीटरपर्यंत कारखान्याला बंदी घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण अजून लागू आहे असे सांगणारे भेटतात. ते धोरण २०१५ मध्ये रद्द झाले.

शेततळं किंवा भातखाचर 'पाणथळ जागा' ठरेल का?

नाही. पाणथळ नियम २०१७ भातशेती, नदीपात्र आणि सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यपालन, मीठ यांसाठी माणसाने केलेले साठे वगळतात. गट नांदूर मधमेश्वर, लोणार किंवा ठाणे खाडी या रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ) स्थळांना लागून असेल तर मात्र स्वतंत्र चौकशी करा.

विहीर आणि बोअरचं काय तपासायचं?

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का आणि ती सामाईक आहे का, हे पहिले. पाण्याच्या पाळ्यांचे तोंडी करार नव्या मालकाला बांधत नाहीत, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

बोअर ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल असेल आणि गाव अधिसूचित क्षेत्रात असेल तर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याची बंदी आड येते. हा कायदा जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आतला नवा उपसाही बंधनात येतो. खोलीची पावती गाडीवाल्याकडून मिळाली असेल तर दाखवा, नसेल तर अंदाजाने '४०० फूट, भरपूर पाणी' असे जाहिरातीत लिहू नका. तो स्वतःविरुद्धचा पुरावा होईल.

आटलेला बोअर उघडा ठेवून जमीन देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचनांप्रमाणे तो तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे यांनी भरायचा असतो. वरून पोते कोंबून माती टाकली की पहिल्या मोठ्या पावसात ती खचते. चालू बोअरच्या केसिंगला झाकण वेल्ड करा किंवा नटबोल्टने बसवा आणि भोवती अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा सिमेंटचा ओटा घाला. ओटा ३० सेंटिमीटर जमिनीत, ३० वर.

शेतातला मुरूम रस्त्याच्या ठेकेदाराने नेला होता. त्याचा विक्रीशी संबंध?

थेट संबंध आहे. महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना गौणखनिजाला (मुरूम, माती, वाळू वगैरेंना) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तहसीलदाराचा आदेश झाला की रक्कम सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढते. ठेकेदार केव्हाच निघून गेलेला असतो.

खड्ड्याचे माप घेऊन बघा. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, २ मीटर खोल म्हणजे १,२०० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे ४२४ ब्रास. गुणिले तिथला भाव, गुणिले पाच. एवढ्या रकमेचा बोजा कधीही येऊ शकतो हे जाणून खरेदीदार पैसे राखून ठेवायला सांगेल, आणि त्यात त्याचे चुकत नाही. ठेकेदाराच्या नावे परवाना किंवा स्वामित्वधनाच्या पावत्या होत्या का ते तहसीलच्या गौणखनिज शाखेत शोधा. सपाटीकरण करून माती त्याच गटात पसरली असेल तर आधीचे-नंतरचे फोटो आणि मोजणी ठेवा. बाहेर गेलेली माती आणि जागेवर फिरवलेली माती यांत कायदा फरक करतो.

वीटभट्टीला भाड्याने दिलेल्या शेताची गोष्ट निराळी. वरचा सुपीक थर गेलेला असतो आणि भाजलेल्या जागेवर काही वर्षे नीट उगवत नाही. हे लपत नाही, पहिल्याच नांगरटीला कळते.

पोल्ट्री शेडसकट विकतोय.

५,००० पेक्षा जास्त पक्षी असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. ते तुमच्या नावे असते, खरेदीखताने आपोआप जात नाही. मुदत बघा आणि नाव बदलून घेण्याची जबाबदारी खरेदीदारावर लिहा. शेड ग्रामपंचायतीच्या नोंदीत नसेल तर शेडचे पैसे मागताना अडचण येते.

गोठ्यात जुन्या औषधांच्या बाटल्या आहेत. त्यांचं काय करायचं?

विहिरीत, ओढ्यात किंवा खड्ड्यात ओतायच्या नाहीत आणि जाळायच्याही नाहीत. जुन्या वाड्यात बीएचसी पावडरची पोती, एंडोसल्फानचे डबे हमखास सापडतात. बीएचसी १९९७ पासून, एंडोसल्फान २०११ पासून बंद. फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, डायक्लोरव्हॉस ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. फुकट मिळतात म्हणून शेजाऱ्याला देऊ नका.

हातमोजे घालून डबे मोजा. नाव, उत्पादन तारीख आणि अंदाजे वजन लिहून यादी करा. फुटके डबे झाकणाच्या मोठ्या पिंपात ठेवा, तळाशी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा घालून. मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना यादीसह पत्र द्या आणि विक्रेत्यामार्फत कंपनीला कळवा. घातक कचऱ्याच्या प्रक्रियेची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण एकट्या शेतकऱ्याचे दोन-चार डबे तिथवर नेणे जमत नाही. गावातल्या चार-पाच घरांचा माल एकत्र केला तर हालचाल होते. रिकाम्या बाटल्या तीनदा धुऊन, ते पाणी फवाऱ्यातच वापरून, बाटलीला भोके पाडावीत.

खरेदीदार माती-पाण्याची तपासणी मागतोय. द्यावी का?

द्यावी, पण नमुना दोघांसमोर घ्या. व्ही आकाराचा २० ते २५ सेंटिमीटरचा खड्डा, त्याच्या कडेची माती, शेतात नागमोडी आठ-दहा ठिकाणी. सगळी एकत्र करून चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत जायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, उकिरडा, विहीर आणि झाडाखालची माती नको. फळबागेसाठी घेतोय म्हणत असेल तर ९० सेंटिमीटरपर्यंत थरवार नमुने लागतात.

ऊसपट्ट्यात, विशेषतः सांगली-कोल्हापूरकडे, प्रश्न क्षारांचा असतो. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. चोपण सुधारायला जिप्सम, चर आणि वेळ लागतो. भाव करताना तो खर्च निघेलच.

पाण्याचा नमुना पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून घ्या. पिण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. पाण्याला तपकिरी झाक आणि मळीचा वास असेल तर वरच्या बाजूला काय सोडले जाते ते शोधून तक्रारीची पोच आधीच करून ठेवा. नाहीतर दोष तुमच्या माथी येतो.

काय सांगणं कायद्याने भाग आहे? सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५(१)(अ) सांगते की विक्रेत्याला माहीत असलेला आणि साध्या काळजीने खरेदीदाराला कळणार नाही असा जमिनीतला किंवा हक्कातला मोठा दोष सांगितलाच पाहिजे. वन खात्याची नोटीस घरात पडून आहे, पुरलेले डबे आहेत, बुजवलेला बोअर आहे, हे सगळे त्यात येते. कांदळवन डोळ्यांना दिसते म्हणून गप्प राहणे एकवेळ चालेल, पण लिहून दिलेले कधीही बरे.

प्रदूषणाची जबाबदारीही विक्रीने पुसली जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांपर्यंत करता येतो आणि पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे.

पळणारे गिऱ्हाईक आज पळाले तर इसार परत करण्याची वेळ येत नाही. दस्तानंतर भांडणारे गिऱ्हाईक फार महाग पडते.

मग साठेखतात नेमकं काय लिहायचं?

'जमीन निर्वेध व बोजारहित आहे' हे छापील वाक्य तसेच ठेवू नका. ते खोटे ठरले तर तेच तुमच्यावर उलटते. त्याऐवजी तपासणीत निघालेली गोष्ट आकड्यात लिहा: 'गटाच्या एकूण १ हेक्टर क्षेत्रापैकी ६० आर क्षेत्र कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात असल्याची खरेदीदारास कल्पना आहे व किंमत त्यानुसार ठरली आहे.' सोबत सर्व्हेअरचा सही केलेला नकाशा परिशिष्ट म्हणून जोडा.

पुढे ज्या परवानग्या घ्यायच्या त्यांची नावे लिहा आणि कोण, कोणाच्या खर्चाने, किती महिन्यांत घेणार हे प्रत्येकासमोर लिहा. परवानगी नाकारली तर इसार परत की करार चालू, हेही. अकृषिक परवानगी मिळेलच अशी हमी विक्रेत्याने कधीच देऊ नये, कारण ती देणे त्याच्या हातात नाही. जुन्या गौणखनिजासाठी रक्कम राखून ठेवायची तर किती, कुठे आणि कोणत्या तारखेला मोकळी होणार हे स्पष्ट करा.

वारस अनेक असतील तर जबाबदारीचीही वाटणी लिहा. मुरूम विकला एका भावाने आणि बोजा फेडायचा पाच जणांनी, हे बहिणींना मान्य आहे का ते सहीच्या आधी विचारा.

खरेदीखत झालं, पण फेरफाराला वन खात्याने हरकत घेतली. आता?

नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत हरकत येऊ शकते, आणि आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते. सुनावणीला हजर राहा, गैरहजेरीत एकतर्फी आदेश होतो. जुने नमुना बारा, माहिती अधिकाराचे उत्तर आणि मोजणीची 'क' प्रत घेऊन जा, खरेदीदारालाही सोबत घ्या. आदेश विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. फेरफाराच्या सुनावणीत मालकीचा अंतिम निकाल लागत नाही. वाद 'वन आहे की नाही' हाच असेल तर अपिलाबरोबरच जिल्हाधिकाऱ्यांकडे १९७५ च्या खाजगी वन कायद्याच्या कलम ६ चा अर्ज लगेच टाका.